गाडी लई दिवस हुबी हुती

आवाज पहिल्यांदा बायकोला ऐकू आला. २०२० चा ऑक्टोबर होता. लॉकडाऊन जरा सैल झालं होतं आणि सात महिने दारात उभी असलेली जीप काढून आम्ही पन्हाळ्याला निघालो होतो. वाघबिळाच्या अलीकडे ती म्हणाली, "मागं कोण रडतंय काय?" मी कान दिला. काटा चाळिसाच्या पुढे सरकला की हौद्याखालून एक बारीक, लांबट सूर निघत होता. पाय दाबला की चढायचा, सैल केला की उतरून दुसऱ्याच पट्टीत लागायचा.

"टायर आहेत," मी म्हणालो. "मड टायर असेच गातात."

हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की पुढचे तीन महिने मलाही ते खरंच वाटत राहिलं.

मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. टॉर्क, कोनीय वेग, घर्षण ही रोजची भाजी-भाकरी. पण माझ्या फळ्यावरच्या चाकाला बेअरिंग नसतं आणि त्यात कधी तेलही घालावं लागत नाही. जीप मात्र खरी आहे. १९४७ च्या सुमाराला मुंबईत ज्या विलीज जीपा जुळायला लागल्या, त्यांच्याच वंशातली, बरीच उशिरा जन्मलेली. पुढे पाटे, मागे पाटे, दोन्हीकडे सलग लोखंडी एक्सल आणि हौद्यात समोरासमोर दोन बाकडी. आमच्या गल्लीत तिला 'सरांचा रणगाडा' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि पार्किंगची तक्रार किती, हे मी कधी विचारलं नाही.

तर टायर. पुढचे मागे टाकले, मागचे पुढे. सूर टायरांबरोबर पुढे जायला हवा होता, तो जागचा हलला नाही. मग एका गॅरेजवाल्याने डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं, बिल दिलं, आणि "आता बघा कशी मऊ पळते" म्हणाला. पळाली तशीच. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर रिकाम्या रस्त्यावर गाडी डावी-उजवी झुलवली की आवाज कमी-जास्त होतो, कारण वळताना वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं. हे मला माहीत होतं. पाच मिनिटांची, फुकटातली परीक्षा. मी ती बिल भरून झाल्यावर घेतली. आवाज झुलला नाही.

जानेवारीत गगनबावड्याकडे एका मित्राच्या शेतावर गेलो. असळजच्या पुढे डांबरी सोडली की तांबडी वाट, पावसाने खणलेली, मध्ये मध्ये दगड वर आलेले. एका ठिकाणी मागचं डावं चाक घळीत उतरलं आणि खालून घणाचा घाव बसल्यासारखा आवाज झाला. उतरून वाकून बघितलं तर एक्सलच्या मधल्या फुगीर भागावर, ज्याला सगळे 'गोळा' म्हणतात तिथे, मागच्या झाकणाला चांगला वाटीएवढा पोचा. परतीच्या वाटेत सूर घोगरा झाला. बालिंग्याच्या पुलापर्यंत येता येता ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागली. घरी बघतो तर डाव्या मागच्या चाकाच्या आतून काळपट तेल टायरवर ओघळलेलं.

मला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तीन महिने ज्या आवाजाला नाव नव्हतं, त्याला आता गुन्हेगार मिळाला होता. दगड. हौसिंग, म्हणजे एक्सलचं लोखंडी कवच, वाकलंय, त्यामुळे सगळं बिनसलंय. मित्राला फोन करून वर त्याच्या वाटेबद्दल दोन शब्दही सुनावले. बायको तेवढ्यात पर्स घेऊन दारात उभी. "त्या गाडीतनं मी येत नाही. मी रिक्षानं जातो," म्हणाली आणि गेली. (कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे बायकाही 'जातो' म्हणतात. व्याकरणवाल्यांनी दमानं घ्यावं.)

*

उद्यमनगरात सकाळी शिरलं की आधी वास येतो. ओतकामाच्या वाळूचा, कटिंग ऑईलचा, वेल्डिंगचा आणि त्यावर कुणाच्या तरी चहाचा. एका बोळात लेथ, पलीकडच्यात पॅटर्नवाला लाकडाचे साचे कोरत बसलेला, त्याच्या पुढे ओतशाळा. कागदावर आकृती न काढताही एखादा भाग इथे या टोकाला सांगावा आणि त्या टोकाला तयार घ्यावा. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात हाताने बनवला, हे आम्हा कोल्हापूरकरांना शाळेपासून इतक्यांदा सांगितलेलं असतं की आम्हाला त्याचं नवल वाटत नाही. बनवला असेल की, त्यात काय.

ज्या मिस्त्रींचं नाव मला मिळालं होतं त्यांच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. फेब्रुवारी, गाळप जोरात. मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून ओढणारे ट्रॅक्टर, त्यांचे मागचे एक्सल उघडे पडलेले, कोपरापर्यंत काळे झालेले हात. जीप बघून मिस्त्री हसले. सत्तरीचे, डोक्याला रुमाल, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे. तरुणपणी पॉवर हॅमरशेजारी बरीच वर्षं काढलेली.

मी दगडाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी उजवा कान पुढे करून ती ऐकली, खाली वाकून पोचा बघितला, बोटाने चाचपला.

"दगड लागलाय, खरं…"

इथे थांबले. कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. परगावचा माणूस याने फसतो. त्याला वाटतं आपलं म्हणणं मान्य झालं.

त्यांनी गाडीचं मागचं अंग उचलून घोड्यांवर घेतलं, दोन्ही चाकं अधांतरी. हातात टोकदार खिळा धरून टायरच्या मधोमध टेकवला आणि पोराला चाक फिरवायला सांगितलं. रबरावर बारीक गोल रेघ उमटली. दुसऱ्या चाकालाही तशीच. मग दोन रेघांमधलं अंतर टेपने पुढच्या बाजूने मोजलं, मागच्या बाजूने मोजलं. एक्सलची नळी मागे-पुढे वाकली असती तर चाकं फेंगडी झाली असती आणि दोन आकडे जुळले नसते. सुताचाही फरक आला नाही. पोराने आकडा मोठ्याने सांगितला, मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. दगड सुटला.

"बसा आत. तिसऱ्यात टाका, आणि सावकाश."

मी इंजिन चालू केलं. ते पोत्यावर आडवे होऊन खाली सरकले, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हौसिंगला टेकवलं आणि मूठ स्वतःच्या जबड्याच्या हाडाला लावली. कानाला नव्हे, हाडाला. आवाज हाडातून थेट आतल्या कानाला पोचतो, हवेच्या वाटेची गरजच नाही, असं मी वर्गात सांगतो. माणूस ते पोटापाण्यासाठी वापरताना पहिल्यांदा पाहत होतो. डावं टोक, उजवं टोक, मग मधला गोळा, मग गोळ्याचं पुढचं नाक, जिथे इंजिनाकडून फेर आणणारा प्रोपेलर शाफ्ट येऊन मिळतो.

"पोराला बसवा. या, तुम्हीबी ऐका."

मी माझा इस्त्रीचा शर्ट विसरून आत शिरलो. चाकांच्या टोकांना नुसता 'सूं' असा वाऱ्यासारखा आवाज. नाकाला टेकवलं तेव्हा जबड्यात जातं फिरलं. जात्यात खडा आल्यावर होतं तसं, खर्र-खर्र, एका लयीत. तीन महिने मी हा आवाज चाकांत शोधत होतो. लोखंडातून सूर कुठेही जातो. हौसिंगभर फिरतो, पाट्यांतून चेसिसमध्ये, चेसिसमधून हौद्यात, आणि आपण हौद्यावर बसून बोट दाखवतो तिसरीकडेच.

मिस्त्रींनी प्रोपेलर शाफ्ट सोडवला, पिनियनचं, म्हणजे शाफ्टचा फेर आत नेणाऱ्या छोट्या गिअरचं, तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि वर-खाली हलवलं. हललं. नुसतं गोल फिरताना थोडा प्ले असतोच, तो लागतोही. वर-खाली हलणं म्हणजे पिनियनच्या बेअरिंगने मान टाकलेली.

"आज उघडायचं न्हाई," ते म्हणाले. "रातभर हुबी ऱ्हाऊ दे. हलवू नका कुणी."

*

का, ते सकाळी कळलं. खालचा प्लग त्यांनी सगळा काढला नाही, आटे सोडत सोडत फक्त सैल केला. खाली स्टीलची वाटी धरली. आधी तेल आलं नाही. गंजाच्या रंगाचं पाणी आलं, पळीभर. त्यानंतर तेल, आणि तेही तेल कसलं, दुधी, घट्टसर, ताकात हळद कालवल्यासारखं. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभर हलवलं नाही की जेवढं सुटायचं तेवढं तळाला बसतं आणि प्लग सैल केला की सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. हीच गाडी चालत आणून लगेच उघडली असती तर सगळं घुसळलेलं एकच मिश्रण मिळालं असतं.

"पाण्यातनं काढली हुती का कवा?"

हा प्रश्न मला विचारायला नको होता. म्हणजे, विचारला म्हणून मी खुलून सांगायला लागलो.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पंचगंगा ५५ च्याही वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसच्या दिवस पाण्याखाली, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. गणपतीला महिनाही राहिला नव्हता आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं होतं. घराघरांत मूर्ती, निम्म्या रंगवलेल्या, निम्म्या पांढऱ्याफटक. माझा एक जुना विद्यार्थी तिथला. त्याचा फोन आला तेव्हा गल्लीच्या तोंडाला पाणी मांडीपर्यंत होतं. मी जीप काढली. हौद्यात वाळकं गवत टाकून, मध्ये गोधड्या कोंबून मूर्ती उभ्या केल्या, दोन पोरं त्यांना मिठी मारून बसली, आणि लो गिअरमध्ये, इंजिन एका आवाजात धरून, मी लाटा न उठवता पाण्यातून बाहेर. परत आत. परत बाहेर. दोन दिवस. किती खेपा झाल्या ते मोजायचं राहून गेलं, पण एकही सोंड मोडली नाही हे मी दर वेळी सांगतो. स्टाफरूममध्ये सांगितलंय, लग्नांत सांगितलंय, वर्गात तर लो गिअर शिकवायचं निमित्त करून दर वर्षी. त्या दिवशी उद्यमनगरातही सांगितलं. ट्रॅक्टरवाले दोघं जवळ येऊन ऐकत होते.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. "लई भारी काम केलंसा," म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

मग म्हणाले, "त्यानंतर ऑईल कवा बदललं?"

वाटीतलं पाणी आम्ही दोघं बघत राहिलो.

हे सगळं मला माहीत असायला हवं होतं, ही त्यातली खरी बोच. चालून चालून हौसिंग तापतं. समजा आतली हवा ७० अंशांवर आहे. ते पुराच्या गार पाण्यात बुडवलं, हवा २५ अंशांवर आली. बंद भांड्यातला दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात पडतो: ३४३ चे २९८. म्हणजे सुमारे १३ टक्के. भांडं पाणी ओढून घेणार. तेल अडवणाऱ्या सीलच्या ओठांतून, ब्रीदरमधून, जिथून फट मिळेल तिथून. ब्रीदर म्हणजे एक्सलच्या नळीवरचं बोटाच्या पेराएवढं श्वासाचं भोक. तापल्यावर आतली हवा बाहेर सोडायची, निवल्यावर आत घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण श्वास घेताना तेच पाण्याखाली होतं. दर खेपेला मी बाहेर येऊन गाडी तापवत होतो आणि परत आत नेऊन बुडवत होतो. पिचकारीच. चंचुपात्र गरम करून पाण्यात उलटं धरायचा हा प्रयोग मी दर वर्षी करून दाखवतो. पोरं टाळ्या वाजवतात.

वर पुराचा गाळ ब्रीदरमध्ये बसून सुकला. मिस्त्रींनी तारेने टोकरला तर आतून मातीची गोळी निघाली. मग आत शिरलेलं पाणी वाफ होऊनसुद्धा बाहेर पडेना. उलट, तापलं की आतला दाब वाढायचा आणि तेल डाव्या सीलमधून ड्रममध्ये ढकललं जायचं. तो ब्रेक, तो ओघळ. दगडाचा त्यातही हात नव्हता.

मित्राला फोन करून त्याच्या वाटेची माफी मागायची होती. अजून मागितलेली नाही.

*

हब काढणं ही या जातीच्या एक्सलची खास परीक्षा. शाफ्टचं टोक निमुळतं, टेपर. त्यावर हब चढवून, मध्ये चावी घालून, नट आवळलेला. वर्षानुवर्षांत टेपर आणि हब असे एकजीव होतात की नट काढला तरी हब ढिम्म. त्याला जाडजूड पुलर लागतो. पण पोराने नट पुरता काढायला घेतला तसे मिस्त्री ओरडले, "ऱ्हाऊ दे चार आटे!" पुलर बसवला, हातभर पान्याला नळी लावून आवळला, पुलरच्या बोल्टवर घणाचे तीन ठोके. काही नाही. अजून पाव फेरा, अजून ठोके. काही नाही. "चहा घिऊन या," म्हणाले. आम्ही चहा प्यायला बोळाच्या तोंडाशी गेलो आणि अर्धा कप संपला असेल तेवढ्यात आत तोफ उडाली. कुणी हात न लावता हब सुटला होता, आणि त्या चार आट्यांवरच्या नटाला धडकून लटकत होता. नट नसता तर तो हब पुलरसकट समोरच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये गेला असता.

दोन्ही शाफ्ट ओढून काढले, मागचं झाकण उघडलं. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी मिस्त्रींनी पंचने खुणा केल्या, एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. त्या टोप्या जागेवर बसवूनच तासलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. मग दोन पहारी लावून डिफरन्शियल उचकटून बाहेर घेतलं, आणि शेवटी पिनियन.

पिनियनच्या आतल्या बेअरिंगचा कप त्यांनी रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला, दाराच्या उजेडात नेला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

जाड बांगडीसारखी ती पोलादी कडी, आतून आरशासारखी असायला हवी. वरचा अर्धा भाग होताही जवळजवळ तसा. खालच्या अर्ध्यात मात्र काळ्या आडव्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, पट्टीने आखल्यासारख्या सारख्या अंतरावर. त्यातल्या दोन-तीन रेघांच्या कडेचं पोलाद पापुद्र्यासारखं सुटून खड्डे पडले होते. मला वाटलं, घासल्याच्या खुणा. पण फिरणाऱ्या वस्तूने घासलं तर रेघ फिरण्याच्या दिशेला ओढली जाते, अशी शिडीच्या पायऱ्यांसारखी पडत नाही.

मिस्त्रींनी बेअरिंगचा दुसरा भाग, रोलरांचा पिंजरा, त्या कपात बसवला. प्रत्येक काळ्या रेघेवर बरोबर एकेक रोलर टेकला.

"गाडी हुबी हुती," ते म्हणाले. "लई दिवस."

मार्च २०२० ते ऑक्टोबर. पाणी तळाला बसलेलं. या एक्सलमध्ये पिनियन मधल्या रेषेच्या खाली असतं, म्हणजे आधी बुडतं तेच. प्रत्येक रोलर जिथे टेकलेला तिथे फटीत पाणी धरून बसला, एकही फेरा न फिरता, आणि त्या जागी गंजाने रेघ कोरली. आम्ही घरात बसून हात धूत होतो तेव्हा खाली दारात हे चाललं होतं. पुढे गाडी हलली आणि रोलर त्या पायऱ्यांवरून उड्या मारायला लागले; वाघबिळाच्या अलीकडे रडत होतं ते हे. बेअरिंग सैल पडलं तसं पिनियन जागेवरून डुलायला लागलं आणि क्राऊनचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात वाकडे चावायला लागले. चार दातांच्या कडा उडाल्या होत्या. दगडाने काय केलं असेल तर शेवटचा धक्का दिला असेल, एवढंच. पुरानंतरच्या आठवड्यात दीड-दोन लिटर तेल बदललं असतं तर ही कडी अजून आरसा असती. हे मिस्त्री बोलले नाहीत. मीच माझ्याशी बोललो.

*

नवा क्राऊन-पिनियन जोड आणायला मिस्त्री स्वतः आले. दुकानदाराने जो जोड काढून दिला तो त्यांनी काउंटरवरच खडूने खुणा करत मोजला आणि परत सरकवला. दात ३९ आणि ८. आमचे ४३ आणि ८. भागाकार केला तर ४.८७५ आणि ५.३७५. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजला पहिला असायचा. आमच्या पुढच्या एक्सलला ५.३७५ आहे, मागे ४.८७५ चा बसवला तर फोर व्हीलमध्ये टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं दहा टक्क्यांच्या फरकाने एकमेकांशी भांडणार आणि काहीतरी मोडूनच थांबणार. दुसरा जोड बरोबर निघाला. दोघांवर एकच आकडा कोरलेला, कारण कारखान्यात त्या दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला देत नाहीत.

४३ आणि ८ मध्ये मला आणखी एक गंमत सापडली आणि ती मी परतीच्या वाटेत मिस्त्रींना सांगितली. दोन्ही आकड्यांना सामाईक विभाजक नाही. म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला गाठतो, एकही भेट चुकत नाही, आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. ४० आणि ८ असते तर तेच दात जन्मभर त्याच पाचांशी भेटत राहिले असते. "असं व्हय," मिस्त्री म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांना याची गरज पडली नव्हती, पण त्यांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी ते एका ट्रॅक्टरवाल्याला समजावून सांगत होते.

डिफरन्शियल बाकावर होतं तेव्हा पोराने विचारलं, एक बाजू फिरवली की दुसरी उलटी का फिरते. मी फळा नसताना समीकरण मांडायला लागलो. मिस्त्रींनी मला थांबवलं. "मळणी बघितलीस काय रं? तिवड्याजवळ म्हातारा बैल बांधत्यात आणि कडंला तरणा. म्हातारा जागच्या जागी घुमतोय, तरणा पळतोय. दावं एकच. वळताना आतलं चाक म्हातारा, भायेरलं तरणा. ह्यो गोळा म्हंजे त्यांचं दावं." फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर नावाच्या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी हेच दावं वळलं. माझी समीकरणं मी खिशात ठेवली.

मग शेंदूर. पिनियन किती आत बसायचं ते पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, शिमांनी ठरतं, आणि बरोबर बसलंय की नाही ते दातच सांगतात. मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालवला, बोटाने क्राऊनच्या सात-आठ दातांना लावला. आमच्या गल्लीतल्या मारुतीला लावतात तस्सा. एकाने क्राऊनला लाकडाचा अडसर देऊन दाब धरायचा, दुसऱ्याने पिनियन फिरवायचं. पिनियन जिथे चावलं तिथला शेंदूर पुसला जाऊन दातावर चकचकीत ठसा उमटतो. पहिला ठसा दाताच्या पार मुळाशी. पिनियन जास्त खोल. सगळं काढलं, एक शिम कमी केली, परत बसवलं. आता ठसा माथ्याला. परत काढलं. बेअरिंग दर वेळी दाबून बसवायचं आणि ओढून काढायचं म्हणजे वेळ जातो, शिवाय नवं बेअरिंग खराब होतं. त्यांच्याकडे यासाठी आतून जरा घासून सैल केलेलं एक जुनं बेअरिंग होतं, हाताने चढणारं. ते वर्षानुवर्षं याच कामाला. जुळणी झाली की ते परत फडक्यात.

पाचव्या वेळी ठसा दाताच्या मधोमध आला, लांबट, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग शेजारच्या लेथवाल्याकडून डायल आणून दातांमधला मोकळेपणा बघितला. सात थाव. म्हणजे इंचाचे सात हजारांश, मिलिमीटरचा साधारण पाचवा-सहावा भाग. एवढी फट नसेल तर तापल्यावर दात आवळतात, जास्त झाली तर दणके बसतात. हे सगळं, पहारी आणि घण वापरणाऱ्या त्याच हातांनी.

जुळणी, नवी सीलं, धुतलेले ड्रम, गोळ्यात नवं नव्वदचं तेल. या गिअरांचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साधं तेल तिथून पुसून जातं, म्हणून गंधकयुक्त भर घातलेलं तेल लागतं. त्याचा वास दोन दिवस माझ्या हाताला होता. शेवटी ब्रीदर. तो काढून त्या जागी रबरी नळी लावली आणि ती चेसिसवरून चढवत हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत नेली. सगळ्या कामातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. बिलात तिचा उल्लेखही नव्हता.

गाडी बालिंग्याच्या रस्त्यावर काढली, मिस्त्री शेजारी, पोरगं मागे. चाळीस, पन्नास. सूर नाही. त्या शांततेत मागच्या फाळक्याच्या साखळीचा खुळखुळाट ऐकू यायला लागला. तो नक्की आधीपासूनच असणार.

*

त्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत, नदी परत आली. आधीच्या पुराच्याही वर गेली. चोवीस तास पाऊस कोसळत होता आणि दुपारी त्या विद्यार्थ्याचा फोन.

"सर, मूर्ती काढायच्या हायत. गाडी?"

पोचलो तेव्हा गल्लीच्या तोंडाला पाणी गुडघ्याच्या वर होतं. पलीकडे ओट्यावर माणसं, त्यांच्या मागे पांढऱ्या मूर्तींच्या ओळी. मी पाण्याच्या अलीकडे दहा पावलांवर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि वाकून मागच्या गोळ्याला हात लावला. चांगलाच ऊन होता. वर नळीचं तोंड बघितलं, मोकळं. पावसात तसाच उभा राहिलो.

पाच मिनिटं गेली. ओट्यावरची माणसं अस्वस्थ झाली. कुणीतरी तोंडाला हात लावून ओरडलं, "सर, बंद पडली काय?"

"न्हाई," मी ओरडलो. "निवायला लागलीया."